विंडोज ७ वरचं क्रोम १०९, आयफोन ६ आणि नवं सीएसएस: कॅटलॉग कुठवर मागे न्यायचा?

मधला_मारुती

नमस्कार मंडळी. चादर-टॉवेलच्या घाऊक ऑर्डरी घ्यायला एक कॅटलॉग तयार होतोय. ग्राहक सोलापूरचाच, गड्ड्याच्या यात्रेआधी चालू करायचं ठरलंय. कॅटलॉगची पानं टेलविंड ४ (तयार सीएसएस क्लासचा संच) मध्ये आहेत, ऑर्डर फॉर्मचं पान हाताने लिहिलेल्या सीएसएसचं आहे. नव्या क्रोममध्ये सगळं बरोबर दिसतं. पण तो जिथे वापरायचा ती यंत्रं अशी:

चाटी गल्लीतल्या काउंटरचा पीसी विंडोज ७ वर, क्रोम १०९. बिलिंगचं सॉफ्टवेअर त्याच्यावरच चालतं, त्यामुळे मालक विंडोज बदलणार नाहीत. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या गोडाऊनमध्ये तसलाच दुसरा पीसी, त्यात फायरफॉक्स ११५. फिरत्या सेल्समनकडे एक आयफोन ६ (आयओएस १२.५) आणि अँड्रॉइड ७ चे दोन फोन.

काय काय बिघडतंय:

१) क्रोम १०९ वर "ऑर्डर टाका" बटणाचा निळा रंगच येत नाही. अक्षरं पांढरी, पान पांढरं, म्हणजे बटण दिसतच नाही. रंगाच्या ओळीआधी साधा हेक्स (# ने सुरू होणारा) रंग लिहून पाहिला, फरक नाही.

२) आयफोनवर कॅटलॉग बिनकपड्याचा, नुसतं एचटीएमएल.

३) त्याच आयफोनवर ऑर्डर फॉर्ममधली शेडची कार्डं एकमेकांना चिकटतात. "@सपोर्ट्स (गॅप: १ रेम)" ही अट (ब्राउझरला हे कळतं का असं विचारणारी) लावली. अट खरी ठरते, गॅप मात्र येत नाही.

४) निवडलेल्या शेडभोवतीची चौकट "हॅज" सिलेक्टरने (आत काय आहे ते बघून बाहेरच्या घटकाला पकडणारा) केली आहे. ती फायरफॉक्स ११५ वर येत नाही.

५) खालची एकूण रकमेची पट्टी आयफोनवर टूलबारखाली लपते.

६) अँड्रॉइड ७ चा एक फोन ठीक चालतो, दुसरा नाही. दोन्ही एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे.

जुन्यांसाठी वेगळी सीएसएस फाइल करावी का? की पॉलिफिल (जुन्या ब्राउझरला नवी गोष्ट शिकवणारा कोड)? आणि मालकांना नेमकं काय कबूल करावं?

हिप्परगा_देव

भाऊ, वेगळी फाइल करू नका. सहा महिन्यांत दोन्ही फायली दोन वाटांना जातात आणि मग जुनी कोणी उघडूनही बघत नाही.

आधी एक गोष्ट पक्की करू. जुना ब्राउझर न कळलेलं सीएसएस टाकून देतो, पण टाकून देण्याच्या तऱ्हा चार आहेत. तुमचे बहुतेक बिघाड या चारांत बसतात.

पहिली तऱ्हा: एक ओळ टाकतो. "हाइट: १०० डीव्हीएच" मधलं एकक (त्या क्षणी दिसणारी उंची मोजणारं) कळलं नाही तर तेवढीच ओळ जाते आणि तिच्या वरची "हाइट: १०० व्हीएच" लागू राहते. ही सगळ्यात सोपी. आधी जुनं, मग नवं, इतकंच.

दुसरी: अख्खा नियम टाकतो. सिलेक्टरच्या यादीत स्वल्पविरामाने चार सिलेक्टर असतील आणि त्यातला एक कळला नाही, तर उरलेले तीनही जातात. म्हणून "हॅज" असलेला सिलेक्टर कधीच दुसऱ्यांच्या ओळीत बसवू नका, त्याचा नियम स्वतंत्र लिहा.

तिसरी: अख्खा ब्लॉक टाकतो. तुमचा आयफोनचा क्रमांक २ इथला आहे. टेलविंड ४ आपलं सगळं सीएसएस "@लेयर" च्या आत ठेवतं. लेयर क्रोम ९९, फायरफॉक्स ९७ आणि सफारी १५.४ पासून कळतात, म्हणजे २०२२ च्या सुरुवातीपासून. आयओएस १२ ला "@लेयर" हा शब्दच माहीत नाही, त्यामुळे कंसातलं सगळं गेलं. आणि आयफोन ६ ला आयओएस १२ च्या पुढे जाता येत नाही. त्यात क्रोम टाकूनही उपयोग नाही, कारण आयफोनवरच्या क्रोमचं इंजिनही सफारीचंच.

चौथी तऱ्हा फसवी आहे आणि तुमचा क्रमांक १ तिच्यात अडकलाय. टेलविंड ४ चे रंग "ओकेएलसीएच" (रंग लिहिण्याची नवी पद्धत) मध्ये आहेत आणि ते व्हेरिएबलमध्ये ठेवलेले असतात. बटणाला मिळतं ते "बॅकग्राउंड: व्हार(निळा)". व्हेरिएबल क्रोमला ४९ पासून कळतात, म्हणून १०९ ही ओळ वाचतो, बरोबर मानतो आणि तिच्या वरची तुमची हेक्सची ओळ त्याच क्षणी रद्द करतो. पुढे प्रत्यक्ष किंमत भरायला जातो तेव्हा आत "ओकेएलसीएच" सापडतं, जे क्रोमला १११ पासून कळतं. तोवर मागे फिरायची सोय राहिलेली नसते. बॅकग्राउंड मूळ किमतीवर येतं, म्हणजे पारदर्शक. अक्षरांचा रंग असता तर तो वरच्या घटकाकडून आला असता.

"व्हार(निळा, हेक्स)" असा दुसरा पर्याय देऊनही हे सुटत नाही. तो पर्याय व्हेरिएबल मुळात ठरवलेलाच नसेल तेव्हा चालतो. ठरवलेला आहे पण किंमत कळत नाही, या वेळी नाही.

इलाज व्हेरिएबलच्या पातळीवर करायचा. रूटवर (पानाच्या सर्वांत वरच्या घटकावर) निळ्याला हेक्स द्या. मग "@सपोर्ट्स (कलर: ओकेएलसीएच(०.५ ०.१ २००))" च्या आत त्याच व्हेरिएबलला नवी किंमत द्या. क्रोम १०९ अट खोटी मानून हेक्सवर राहतो, नवे ब्राउझर पुढे जातात.

मात्र तुमच्या कामाला मी टेलविंड ४ सुचवणार नाही. त्यांनी किमान आवृत्त्या स्वतःच सांगितल्या आहेत: सफारी १६.४, क्रोम १११, फायरफॉक्स १२८. काउंटरवरचं क्रोम दोन आकड्यांनी मागे, गोडाऊनचं फायरफॉक्सही मागे, आयफोन तर फारच. रंगांचं ठिगळ लावाल तर "कलर-मिक्स" आणि "@प्रॉपर्टी" वर उभ्या असलेल्या गोष्टी राहतातच. ३.४ वर परत या. पण ३.४ सुद्धा आयओएस १२ वर आपोआप चालेल असं धरू नका. "इनसेट-०" हा क्लास "इनसेट" प्रॉपर्टी लिहितो, ती सफारीला १४.१ पासून कळते, म्हणून वर-उजवं-खाली-डावं असे चार क्लास वेगळे लिहा. "अ‍ॅस्पेक्ट" चे क्लास सफारी १५ पासून चालतात. चादरींच्या फोटोंसाठी जुनी युक्ती वापरा: डब्याला उंची शून्य, पॅडिंग-टॉप ७५ टक्के, आतला फोटो अ‍ॅब्सोल्यूट. ४:३ चा फोटो नेमका बसतो. त्यावर "ऑब्जेक्ट-फिट: कव्हर" लावायला हरकत नाही, ते आयओएस १२ ला कळतं.

भुईकोट

क्रमांक ३ बद्दल. ही अट का फसवते ते सांगतो, कारण यात पुष्कळ जण अडकतात.

"गॅप" हे नाव आधी ग्रिडसाठी (आडव्या-उभ्या रकान्यांची मांडणी) आलं. फ्लेक्समध्ये (एका ओळीतली मांडणी) ते फायरफॉक्स ६३, क्रोम ८४ आणि सफारी १४.१ पासून चालतं, म्हणजे सगळीकडे यायला एप्रिल २०२१ उजाडला. आयओएस १२ ला ग्रिडमधला गॅप येतो. अट फक्त "ही प्रॉपर्टी आणि ही किंमत कळते का" एवढंच विचारते, कुठल्या मांडणीत ते विचारत नाही. म्हणून आयफोनचं उत्तर खरं आहे, आपला प्रश्न अपुरा आहे.

शेडच्या कार्डांना फ्लेक्सची गरजच नाही, ग्रिड करा. "डिस्प्ले: ग्रिड, ग्रिड-गॅप: १२ पिक्सेल, ग्रिड-टेम्प्लेट-कॉलम्स: रिपीट(ऑटो-फिल, मिनमॅक्स(१५० पिक्सेल, १एफआर))". आयफोन ६ ची रुंदी ३७५ पिक्सेल. दोन्ही कडांना १६ सोडले तर ३४३ उरतात, त्यात १५० ची दोन कार्डं आणि मधले १२ आरामात बसतात. ग्रिड मार्च २०१७ मध्ये क्रोम ५७, फायरफॉक्स ५२ आणि सफारी १०.१ मध्ये जवळपास एकदमच आलं, त्यामुळे तुमच्या पाचही यंत्रांवर आहे. "ग्रिड-गॅप" हे जुनं नाव मुद्दाम लिहिलंय. नव्या ब्राउझरमध्येही ते चालतं.

फ्लेक्सच हवा असेल तिथे, म्हणजे टॅगच्या ओळी वगैरे, मुलांना मार्जिन ६ पिक्सेल आणि पालकाला मार्जिन उणे ६ द्या. मग "@सपोर्ट्स (इनसेट: ०)" च्या आत दोन्ही मार्जिन शून्य करून गॅप १२. इनसेटचा आणि गॅपचा काही संबंध नाही. पण इनसेट क्रोमला ८७, फायरफॉक्सला ६६ आणि सफारीला १४.१ पासून कळतं. म्हणजे ज्याला इनसेट कळतं त्याला फ्लेक्समधला गॅप नक्की कळतो. शेजारी तशी टीप लिहून ठेवा, नाहीतर पुढचा माणूस ती अट चुकीची समजून काढून टाकेल.

आणखी एक. अट उलटी, "@सपोर्ट्स नॉट सिलेक्टर(...)" अशी लिहू नका. "सिलेक्टर" हे फंक्शनच ज्याला कळत नाही तो "नॉट" सकट सगळं सोडून देतो, म्हणजे ज्याच्यासाठी लिहिलं त्यालाच मिळत नाही. साधी रचना अटीबाहेर आणि सुधारणा अटीच्या आत, हाच क्रम ठेवा.

हिप्परगा_देव

भुईकोट यांचं बरोबर आहे, ग्रिडच करा. आता उरलेलं.

चौकटीसाठी "हॅज" लागतच नाही. रेडिओ इनपुट लेबलच्या आत न ठेवता त्याच्या लगेच आधी, शेजारी ठेवा. मग "इनपुट:चेक्ड + लेबल" एवढ्याने चौकट येते आणि हे सगळीकडे चालतं. इनपुट लपवताना "डिस्प्ले: नन" करू नका, कीबोर्डच्या बाणांनी शेड बदलता येणार नाही. काउंटरवरची माणसं माऊसपेक्षा कीबोर्डवर जलद असतात. अ‍ॅब्सोल्यूट, रुंदी-उंची १ पिक्सेल, ओपॅसिटी शून्य, आणि फोकस आला की लेबलला आउटलाइन.

रकमेच्या पट्टीला उंचीच्या एककांत पकडू नका. आयफोनवर १०० व्हीएच ही टूलबार आवरलेला असतानाची उंची असते, म्हणून टूलबार दिसत असताना खालचा भाग झाकला जातो. "पोझिशन: -वेबकिट-स्टिकी" आणि तिच्याखाली "पोझिशन: स्टिकी", "बॉटम: ०". सफारीला प्रीफिक्सशिवायचं (पुढे "-वेबकिट-" न लावलेलं) स्टिकी १३ पासून कळतं, त्यामुळे आयओएस १२ ला पहिली ओळ लागतेच. वरच्या कुठल्याही डब्याला "ओव्हरफ्लो: हिडन" असेल तर स्टिकी मुकाट बंद पडतं, तेही एकदा तपासा.

अँड्रॉइड ७ चं कोडं असं: त्या फोनवर क्रोम ११९ पर्यंत जातं आणि ११९ तसं बरंच नवं आहे. एकावर ते आलंय, दुसऱ्यावर जागा भरल्यामुळे किंवा अपडेट बंद असल्यामुळे जुनंच राहिलं असणार. प्ले स्टोअरमधून क्रोम अपडेट करा. अँड्रॉइड ७ ते ९ मध्ये दुसऱ्या अ‍ॅपच्या आत उघडणारी पानंही क्रोमच्याच इंजिनवर चालतात, त्यामुळे तेही सुधारेल. अँड्रॉइड ६ ची शेवटची आवृत्ती १०६ आणि ५ ची ९५, असे फोन पुढे आले तर हे आकडे लक्षात असू द्या.

मधला_मारुती

सगळ्यांचे आभार. तीन शंका उरल्या. हाताने लिहिलेल्या फाइलमध्ये नेस्टिंग (नियमाच्या आत नियम) आहे, ते काढावं लागेल का? डेव्हटूल्समध्ये आयफोन निवडून पाहिलं तर सगळं ठीक दिसतं, मग तपासायचं कशावर? आणि काउंटरच्या पीसीत इंटरनेट एक्सप्लोररही आहे, त्याचं काय?

भुईकोट

नेस्टिंग लिहिताना ठेवा, बिल्डमध्ये (फाइल चढवण्याआधीच्या रूपांतरात) सपाट करा. क्रोमला ते ११२ पासून आणि फायरफॉक्सला ११७ पासून कळतं, म्हणजे विंडोज ७ वरच्या दोन्ही शेवटच्या ब्राउझरांना कळत नाही. आणि नुकसान फक्त आतल्या नियमाचं होत नाही. न कळलेला भाग टाकताना जुना ब्राउझर पुढच्या अर्धविरामापर्यंत सगळं गिळतो, म्हणून नेस्टेड ब्लॉकच्या लगेच खाली लिहिलेली चांगली ओळही जाते. रंग आला पण पॅडिंग गेलं असं विचित्र काही दिसलं तर हेच कारण असतं.

लाइटनिंग सीएसएस किंवा पोस्टसीएसएस हे काम करतं. लक्ष्य-ब्राउझरांच्या यादीत "डिफॉल्ट्स" लिहून मोकळे होऊ नका. स्पष्ट लिहा: क्रोम १०९, फायरफॉक्स ११५, आयओएस १२. मग प्रीफिक्स आणि सपाट करणं त्याप्रमाणे होतं. ऑटोप्रीफिक्सर फक्त प्रीफिक्स लावतो. फ्लेक्समधला गॅप किंवा कंटेनर क्वेरी (डब्याच्या रुंदीप्रमाणे मांडणी बदलणं) तो निर्माण करू शकत नाही, ती अपेक्षा ठेवू नका.

त्याच यादीचा आकडा जावास्क्रिप्टच्या बिल्डलाही द्या. हे सीएसएसपेक्षा महत्त्वाचं आहे. सीएसएसमध्ये एक ओळ नाही कळली तर ती ओळ जाते. जावास्क्रिप्टमध्ये प्रश्नचिन्ह-टिंब (ऑप्शनल चेनिंग) असलेली एक जागा राहिली तरी आयओएस १२ अख्खी फाइल नाकारतो, कारण ते व्याकरण सफारीला १३.१ पासून कळतं. आणि मग ऑर्डरचं बटण दिसतं, दाबलं तर काहीच होत नाही.

डेव्हटूल्समधला आयफोन म्हणजे फक्त पडद्याचा आकार आणि ओळखीची ओळ (ब्राउझर सर्व्हरला आपलं नाव सांगतो ती). इंजिन तुमच्या लॅपटॉपचंच, त्यामुळे आयओएस १२ चा एकही दोष त्यात दिसणार नाही. आयफोन ६ सेल्समनकडून अर्ध्या दिवसासाठी मागून घ्या, मॅकला केबलने जोडा आणि सफारीच्या वेब इन्स्पेक्टरमध्ये बघा. विंडोज ७ साठी काउंटरचाच पीसी, दुकान उघडायच्या आधी.

लॉग बघाल तर यंत्रणेच्या नावावर जाऊ नका. क्रोम ११० पासून पुढे अँड्रॉइड कुठलंही असो, ओळखीत "अँड्रॉइड १०" असंच येतं. क्रोमचा आकडा बघा. त्याहून चांगलं म्हणजे पानातच "सीएसएस.सपोर्ट्स" ने चार-पाच प्रश्न विचारून उत्तरं स्वतःच्या सर्व्हरवर जमा करा. दोन आठवड्यांत आपल्याच ग्राहकांचं खरं चित्र मिळतं.

इंटरनेट एक्सप्लोरर ११ सोडा. मायक्रोसॉफ्टने १५ जून २०२२ ला तो निवृत्त केला. त्याला "@सपोर्ट्स" ही नाही, व्हेरिएबलही नाहीत. त्याच पीसीत क्रोम आहे, शॉर्टकट त्याचा ठेवा.

काळी_माती

दोन गोष्टी कोणी बोललं नाही म्हणून लिहिते.

मालकांना ब्राउझरांची नावं सांगून कबुली देऊ नका, कामं सांगून द्या. शेड दिसणं, नग किंवा डझन भरता येणं, दर आणि एकूण वाचता येणं, ऑर्डर जाणं: ही चार कामं पाचही यंत्रांवर झालीच पाहिजेत. ही कबुली लेखी द्या. गोल कडा, सावल्या, सरकणारे फोटो, शीर्षकाच्या ओळी समतोल तोडणं, हे सगळीकडे मिळेलच असं नाही हेही त्याच कागदावर लिहा. एखादी नवी गोष्ट वापरताना स्वतःला इतकंच विचारा: ही टाकली गेली तर या चारांपैकी काही अडतं का? अडत नसेल तर फॉलबॅकवर (जुन्यांसाठीच्या पर्यायावर) एक मिनिटही घालवू नका. त्या हिशेबाने क्रोम १०९ फार जुना नाही. ग्रिड, फ्लेक्समधला गॅप, लेयर, कंटेनर क्वेरी, "हॅज", डीव्हीएच, सगळं त्यात आहे. नाही ते सबग्रिड, नेस्टिंग आणि नवे रंग.

बेसलाइनच्या (एखादी गोष्ट सगळ्या मुख्य ब्राउझरांत आली का ते दाखवणाऱ्या) खुणेवर विसंबणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं. "सर्वत्र उपलब्ध" हा शिक्का मुख्य ब्राउझरांच्या चालू आवृत्त्यांत गोष्ट आल्यावर ३० महिन्यांनी लागतो. "हॅज" डिसेंबर २०२३ मध्ये फायरफॉक्स १२१ ने पूर्ण झालं, म्हणजे शिक्का जून २०२६ चा. पण गोडाऊनमधला फायरफॉक्स ११५ तेव्हाही ११५च असणार. शिक्का ब्राउझरांचा आहे, दुकानांचा नाही. विंडोज ७ चा पीसी इंटरनेटला जोडावाच लागत असेल तर त्यावर फायरफॉक्स ११५ ठेवणं मला जास्त बरं वाटतं, कारण क्रोम १०९ नंतर विंडोज ७ ला क्रोमकडून नवी आवृत्ती नाही आणि मोझिलाने मात्र ११५ ची सुरक्षा-अपडेटं तिथे पुढेही देत ठेवली.

दुसरी गोष्ट मराठी अक्षरांची. विंडोज ७ मध्ये निर्मला फॉन्ट नाही, तो विंडोज ८ पासूनचा. वेबफॉन्ट उतरला नाही तर तिथे मंगल लागतो आणि त्याची ओळ उंच असते. बटणाला "हाइट: ३६ पिक्सेल" ठरवून दिली असेल तर "कॉटन टॉवेल, मोठी" मधल्या वेलांट्या वरून कापल्या जातात. बटणांना आणि कार्डांच्या शीर्षकांना ठराविक उंची देऊ नका, "मिन-हाइट" आणि पॅडिंग द्या, लाइन-हाइट १.६ च्या खाली नेऊ नका. दोन ओळींनंतर मजकूर तोडायची सोय वापरत असाल तर दुसऱ्या ओळीतले उकार तपासा, आधी तेच कापले जातात. आणि टेलविंडच्या तयार घटकांतून "ट्रॅकिंग-वाइड" काढून टाका. अक्षरांत जागा सोडली की शिरोरेखा तुटते, "चादर" चे तीन सुटे तुकडे दिसतात.

फॉन्ट नोटो सान्स देवनागरीच्या दोन फायली, साधी आणि ठळक, "डब्ल्यूओएफएफ२" मध्ये. हा प्रकार आयओएस १० पासून चालतो, म्हणून दुसरे प्रकार ठेवायची गरज नाही. काही व्यापाऱ्यांची नावं तेलुगूत लिहायची असतील तर तेलुगू फॉन्ट "युनिकोड-रेंज" लावून वेगळा द्या. ज्या पानावर तेलुगू अक्षर नाही तिथे ती फाइल उतरत नाही, सेल्समनचा डेटा वाचतो.

मधला_मारुती

ताई, लेयर, कंटेनर क्वेरी १०९ मध्ये आहेत हे वाचून बरं वाटलं, मी उगाच सगळंच काढायला निघालो होतो. टेलविंड ३.४ वर आणतो, शेडचं ग्रिड करतो, इनपुट लेबलच्या आधी घेतो. कॅटलॉगच्या पानात कार्डाच्या शीर्षकांना सगळीकडे ठराविक उंची दिलेली आहे, ती आजच काढतो.

हिप्परगा_देव

३.४ वर येताना "@थीम" मधले रंग कॉन्फिग फाइलमध्ये हेक्स म्हणून लिहा. ओकेएलसीएचच्या किमती तशाच कॉपी केल्या तर काउंटरवर बटण परत गायब होईल.